मी कुठे खेळाडू आहे?

डॉक्टर, स. न. वि. वि.

मी साताऱ्यात राहते. वय ५४, प्राथमिक शाळेत शिक्षिका. फेब्रुवारीत माझ्या वाढदिवसाला मुलानं पुण्याहून स्मार्ट घड्याळ पाठवलं. आईनं पावलं मोजावीत, एवढाच त्याचा हेतू. पावलं राहिली बाजूला. पहिल्याच आठवड्यात त्यात हृदयाचे ठोके दिसले आणि माझी झोप उडाली. नुसती बसलेली असताना ४९, ५०, ५१. रात्री तर एकदा ४३! जिथे वाचावं तिथे 'सामान्य प्रमाण ६० ते १००' असं लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरात 'खेळाडूंमध्ये कमी असू शकते'. पण मी कुठे खेळाडू आहे? शाळेत लंगडीतसुद्धा पहिल्या फेरीत बाद व्हायची.

त्रास म्हणाल तर काहीच नाही. चक्कर नाही, दम नाही. पण शेजारच्या वहिनी म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांचे ठोके असेच कमी झाले होते; एके दिवशी ते मोरीत कोसळले आणि पेसमेकर बसवावा लागला. गेली ११ वर्षं मी रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावरच्या चार भिंतींपर्यंत चालत जायची, ते त्या दिवसापासून बंद केलंय. हृदयावर ताण नको. घड्याळ दिवसातून किती वेळा बघते याची गणतीच नाही. फळ्याकडे तोंड केलं की हळूच बाही सरकवते. परवा एका मुलीनं विचारलं, "बाई, शाळा सुटायला किती वेळ आहे ते बघताय का?"

बीपी नाही, शुगर नाही. गोळ्या कसल्याही चालू नाहीत. डोळ्यांचं प्रेशर थोडं वाढलंय म्हणून दिवाळीपासून सकाळ-संध्याकाळ थेंब घालते, तेवढंच. वडिलांना काचबिंदू होता. सात वर्षांपूर्वी गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. हे दुखणं आहे का? पेसमेकर लागेल का? पुन्हा चालायला जाऊ का?

— एक वाचक, सातारा

बाई, (शिक्षिकेला दुसरी हाक मारायला माझी जीभ वळत नाही, रागावू नका)

तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य तुम्ही 'तेवढंच' म्हणून उरकून टाकलंय. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी मोरीत कोसळलेल्या आजोबांना आणि तुम्हाला वेगवेगळ्या बाकांवर बसवू. घड्याळानं तुम्हाला नुसता आकडा दाखवला. झोप उडवली ती त्या आजोबांच्या गोष्टीनं.

हृदयाच्या उजव्या बाजूला, वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोका तिथे जन्मतो आणि ठरलेल्या वाटेनं खालच्या कप्प्यांकडे उतरतो. ठोके कमी पडण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. एकीत पुंजकाच सावकाश ठेका धरतो, वाट मात्र मोकळी असते. दुसरीत ठेका व्यवस्थित असतो, पण वाटेत अडथळा येतो आणि वरून निघालेला ठोका खाली पोचत नाही. अडथळा पुरता झाला की त्याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. मग खालचे कप्पे आपल्या मनानं तीस-चाळीसच्या चालीनं रेटत राहतात, मध्येच थबकतात, आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. उतारवयात ही वाट झिजते, त्यातून हे होतं. त्या आजोबांची ईसीजीची पट्टी, म्हणजे ठोक्यांचा कागदावरचा आलेख, मी पाहिलेली नाही, पण अचानक कोसळणं आणि पाठोपाठ पेसमेकर असं कानावर आलं की माझ्या मनात पहिलं नाव हेच येतं. तुम्ही ११ वर्षं चढ चढत होतात आणि एकदाही डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. घड्याळात दोघांचा आकडा एकच दिसू शकेल. दुखणं एक आहे की नाही, ते ईसीजीची एक पट्टी सांगते. दहा मिनिटांचं काम. ती पट्टी तुम्ही अजून काढली नाहीत आणि चालणं मात्र बंद केलंत, हे काही मला पटलं नाही.

आता ते ६० ते १००. ही मर्यादा सोयीची आहे, निसर्गानं आखलेली नाही. बसल्या जागी पंचावन्न ठोके असलेली धडधाकट माणसं मी आयुष्यभर पाहत आलोय, आणि बसल्या जागी ९५ असलेल्याला मी जास्त प्रश्न विचारतो. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली मंद ठोक्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत रेघ ५० च्या खाली ओढली आहे. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, ती वहिनींनाही वाचून दाखवा: पुंजकाच मंद चालत असेल, तर ठोके अमुक आकड्याखाली गेले म्हणून पेसमेकर बसवा, असा आकडाच ठरलेला नाही. त्रास होतोय का, आणि तो ठोके मंद असतानाच होतोय का, हे बघायचं. वाटेतल्या अडथळ्याचं मात्र निराळं आहे. त्यातले काही प्रकार इतके दगाबाज असतात की त्रास नसला तरी पेसमेकर बसवावा लागतो. म्हणून पट्टी काढायचीच.

एक गंमत सांगतो. हृदयाला मोकळं सोडलं तर ते बरंच जोरात पळतं. ज्यांचं हृदय बदललेलं असतं त्यांचे ठोके स्वस्थ बसल्यावरही ९० ते ११० असतात, कारण नव्या हृदयाच्या नसा तोडलेल्या असतात. म्हणजे तुमचे-माझे सत्तर-पंचाहत्तर हे लगाम ओढून धरलेले सत्तर-पंचाहत्तर आहेत. तो लगाम धरते व्हेगस नावाची नस. मेंदूच्या तळापासून पोटापर्यंत हिंडते, म्हणून लॅटिनमध्ये तिचं नाव 'भटकी'. काहींची भटकी उपजतच कडक हाताची असते. त्यांच्या घरात आईचे ठोके मंद, मामाचे मंद, आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो, कारण पूर्वी मनगटावर घड्याळ असायचं ते फक्त वेळ सांगायला.

झोपेत हा लगाम आणखी आवळला जातो. निरोगी तरुण माणसांचे ठोके झोपेत चाळिशीच्याही खाली उतरतात, मध्येच दोन सेकंद शांतता असते आणि गाडी पुन्हा चालू लागते. तेव्हा रात्रीचे ते ४३ मी तरी हिशेबात धरत नाही. अपवाद एकच: घरचे म्हणतात का, की तुम्ही मोठ्यानं घोरता, मध्येच श्वास अडकतो आणि मग दचकून श्वास घेता? तसं असेल तर डॉक्टरांना ते सांगा. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचे ठोके रात्री फार खाली जातात, आणि तिथे उपचार श्वासावर करायचा असतो.

"पण ठोके कमी म्हणजे रक्त कमी पोचत असेल ना?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. ठोके ७० असले तर दर ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास. ठोके ५० असले तर दोन ठोक्यांमध्ये हृदयाला भरायला जास्त सवड मिळते आणि दर ठोक्याला १०० च्या घरात रक्त जातं. गुणाकार करून बघा. तुम्ही रोज मुलांकडून करून घेताच. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या भिंतींना रक्त मिळतं ते मुख्यतः या सवडीतच. आपले जुने वैद्य अशा सावकाश, ऐटदार नाडीला हंसाची चाल म्हणत. शार्ङ्गधरसंहितेत कफाच्या नाडीला हंसाची आणि पारव्याची उपमा आहे. मोरीत पडण्याच्या गोष्टीपेक्षा ही उपमा लक्षात ठेवायला बरी.

आता तुमचं 'मी कुठे खेळाडू आहे'. ज्यांनी चार भिंती पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, अजिंक्यताऱ्याच्या अंगावरचं ते ठिकाण आहे आणि तिथे जायला चढ चढावा लागतो. ११ वर्षं रोज तो चढ चढणाऱ्या बाईंनी स्वतःला बिगरखेळाडू म्हणवून घ्यायचं हे मला मान्य नाही. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत लागोपाठ पाच वेळा जिंकणारा मिगेल इंदुराईन, त्याचे विश्रांतीतले ठोके २८ होते असं सांगतात. ते एक टोक झालं. पण हृदय काही टी-शर्टवरचा नंबर बघत नाही. डोक्यावर भारा घेऊन बांध तुडवणारी बाई, सायकलवरून टपाल वाटणारा माणूस, आळंदी ते पंढरपूर चालणारा वारकरी, हृदयाच्या लेखी सगळे सारखेच. तरीही सगळं श्रेय चालण्याला देऊन मी पत्र मिटवणार नाही. रोजच्या चालण्यानं ठोके थोडे कमी होतात, पण मध्यमवयीन माणसाला पंचाहत्तरवरून पन्नासवर आणण्याइतकी त्याची ताकद नसते.

म्हणून ते थेंब.

डोळ्याचं प्रेशर, दिवसातून दोनदा थेंब, वडिलांना काचबिंदू. हे तीन शब्द वाचले आणि मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. काचबिंदूवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात असलेलं एक औषध आहे, टिमोलॉल. ते बीटा ब्लॉकर आहे. ज्या गोळ्या बीपीला, छातीच्या दुखण्याला, धडधडीला देतात आणि ज्यांनी ठोके कमी होतात, त्यांचाच हा भाऊ. डोळ्याच्या आत जे पाणी (अश्रू नव्हेत) तयार होतं, त्याचं प्रमाण तो कमी करतो आणि प्रेशर उतरतं. बहुधा सकाळ-संध्याकाळ असाच घालायचा असतो.

डोळ्यातला थेंब हृदयापर्यंत कसा पोचतो? रडताना नाक का वाहतं, ते आठवा. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्र असतं, तिथून नळी थेट नाकात उतरते. थेंबातला बराच भाग या नळीनं नाकात जातो आणि नाकाच्या ओल्या अस्तरातून सरळ रक्तात. गोळी गिळली की ती आधी यकृतातून जाते आणि यकृत तिचा मोठा वाटा मोडून टाकतं. थेंबाच्या वाटेवर ही चौकी लागतच नाही. त्यामुळे थेंबात औषध पाव मिलिग्रॅम, पण काही माणसांच्या ठोक्यांवर ते चांगलंच जाणवतं. ज्यांची भटकी आधीच कडक, त्यांच्यावर जास्त.

हे मला एवढं ठसठशीत आठवतं कारण एकदा मी इथेच फसलो. बरीच वर्षं झाली. सत्तरीच्या एक आजी, ठोके ४२, उठताना भोवळ. मी विचारलं, "औषधं काय चालू आहेत?" त्या म्हणाल्या, "काही नाही." मी पट्टी काढली, थायरॉइड तपासलं, चोवीस तास ठोके टिपणारं होल्टर यंत्र लावलं, मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठीसुद्धा लिहिली. चिठ्ठी पर्समध्ये ठेवायला सुनेनं चेन उघडली आणि आतून एक पिटुकली पांढरी बाटली टेबलावर घरंगळली. "ही कसली?" "ही होय? डोळ्यात घालायची." आजींच्या लेखी औषध म्हणजे गोळी किंवा पातळ औषध; थेंब म्हणजे थेंब. चूक त्यांची नव्हती, प्रश्न माझा कच्चा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले आणि काही दिवसांत ठोके साठावर आले. तेव्हापासून मी 'औषधं कुठली' असं विचारत नाही. तोंडानं काय घेता, डोळ्यात काय घालता, नाकात काय मारता, अंगाला काय चोळता, असं एकेक विचारतो. पेशंटला वाटतं, म्हातारा चक्रम आहे.

तेव्हा हा मजकूर खाली ठेवा आणि बाटली घेऊन या. भिंग लागेल, अक्षरं मुंगीएवढी असतात. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खालचं मूळ औषधाचं नाव वाचा. 'टिमोलॉल' दिसतंय का? 'बीटाक्सोलॉल' हाही त्याच घरातला. पुष्कळदा टिमोलॉल दुसऱ्या औषधाबरोबर एकाच बाटलीत असतो, म्हणून दोन्ही नावं वाचा. नसेलच, तर माझा तर्क चुकला आणि तुमचा एक संशय कमी झाला.

असेल, तर एक गोष्ट हात जोडून सांगतो: थेंब स्वतःच्या मनानं बंद करू नका. मंद ठोक्यांना आपल्याकडे आठवडाभर सवड आहे. काचबिंदूनं खाल्लेली नजर परत येत नाही, आणि तो खातोही गुपचूप, कडेकडेनं. वडिलांच्या घरात तुम्ही ते पाहिलं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, "माझे ठोके पन्नासच्या आसपास आहेत, थेंब बदलायचे का?" एवढंच विचारा. दुसऱ्या घराण्याचे थेंब आहेत. त्यातले काही रोज रात्री एकदाच घालायचे असतात आणि ठोक्यांना हात लावत नाहीत. फोनवर दम्याचा त्रास कधी होता का तेही सांगा, कारण टिमोलॉलचं दम्याशीही पटत नाही. तोवर थेंब घातला की डोळा मिटून घ्या आणि नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा. नळीचं तोंड बंद राहतं, औषध डोळ्यातच थांबतं. थेंब घालणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवायला हवं. प्रत्यक्षात दहातल्या एकालाही कुणी शिकवलेलं मला आढळत नाही.

पण एक पेच उरतो. थेंब दिवाळीत सुरू झाले, घड्याळ फेब्रुवारीत आलं. थेंबांआधी तुमचे ठोके किती होते हे घड्याळाला ठाऊक नाही. तुमच्या कपाटाला ठाऊक आहे. गर्भाशयाच्या ऑपरेशनची फाइल काढा. भूल देण्याआधी ईसीजी काढलेला असणार. त्याचा कागद उष्णतेनं छापणारा असेल तर सात वर्षांत रेघ फिकी पडलेली असेल, खिडकीपाशी धरून बघा. कागदावर मोठे चौकोन दिसतील. लागोपाठच्या दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्यानं भागा. चार चौकोन म्हणजे ७५ ठोके, पाच म्हणजे ६०, सहा म्हणजे ५०. कागदाचा वेग नेहमीचा, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर, असेल तर हे गणित बसतं. वेग कडेला छापलेला असतो. रेघ पार उडाली असेल तर केस पेपर चाळा. 'पल्स' किंवा नुसतं 'पी' लिहून पुढे पेनानं आकडा लिहिलेला असतो. तिथे ५२-५४ सापडले तर तुमचा बांधाच तसा आहे, आणि थेंबांनी फार तर त्यातले दोन-चार कमी केले. ७६ सापडले तर माझं बोट त्या बाटलीकडेच जाईल. ऑपरेशनच्या आधी माणूस घाबरलेला असतो, तेव्हा पाच-दहा ठोके भीतीचे म्हणून सोडून द्या.

घड्याळावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते कातडीवर हिरवा उजेड टाकतं आणि रक्ताच्या लाटा मोजतं. पट्टा सैल असला, हात गार असला, हलत असला, की लाटा सुटतात. एका रिक्षावाल्याला बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ३८ दिसले. कोविडच्या वेळी घेतलेला, आता घरातली पोरं खेळायला वापरायची. बायकोनं रडून गोंधळ घातला. मी छातीला स्टेथोस्कोप लावला तर ठोके ७६! त्याच्या हृदयाचा दर दुसरा ठोका घाईघाईनं, अर्धवट भरलेला पडत होता. तो ठोका बोटापर्यंत पोचत नव्हता आणि यंत्र अर्धेच मोजत होतं. त्याचा तपास निराळ्या दिशेनं झाला.

म्हणून एकदा हातानं मोजा. पाच मिनिटं शांत बसा, चहा पिऊन नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दुसऱ्या हाताची तीन बोटं ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याची स्वतःची नाडी मधे लुडबुड करते. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. आकड्याइतकंच हेही लिहा, की ठोके एका लयीत पडतात की मधे चुकतात. मग घरातले दोन जिने नेहमीच्या चालीनं चढा आणि वर पोचताक्षणी पुन्हा मोजा. पन्नासचे नव्वद-शंभर झाले, तर हृदयानं हाक ऐकली. टिमोलॉल घेणाऱ्यांचे थोडे कमी वाढतात, त्यानं बिचकू नका. पण पन्नासचे जेमतेम साठ झाले आणि पाय भरून आले, धाप लागली, तर तो आकडा डॉक्टरांना आधी सांगा. बसल्या जागचे पन्नास मला फारसं काही सांगत नाहीत. जिना चढल्यावरचा आकडा बरंच सांगतो. (ज्यांना भोवळ येते किंवा चालताना छातीत दुखतं त्यांनी हा प्रयोग घरी करायचा नाही.)

या आठवड्यात जवळच्या फिजिशियनकडे जा. ईसीजी, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन. थायरॉइड मंदावला की ठोकेही मंदावतात, आणि तुमच्या वयाच्या बायकांत ते सर्रास आढळतं. कातडी कोरडी पडणं, बद्धकोष्ठ, इतरांना उकडत असताना तुम्हाला शाल लागणं, असं काही असेल तर सांगा. ईसीजीत फक्त मंद ठेका निघाला आणि तुम्हाला त्रास नाही, तर होल्टर, अँजिओग्राफी असलं काही मी सुचवणार नाही. कुणी सुचवलं तर 'कशासाठी?' असं विचारा. बाईंना प्रश्न विचारायला मी काय शिकवणार.

हे वाचून बाकीचे वाचक मनगट धरून बसणार, तेव्हा त्यांच्यासाठी घाईघाईत. मायग्रेनला किंवा हात थरथरण्याला प्रोप्रानोलॉल (हाही बीटा ब्लॉकरच) चालू असेल, तर ठोके कमी होणारच. लग्नाआधी महिनाभर उपाशी राहून वजन उतरवणाऱ्या मुलींचे ठोके उतरतात, तिथे शरीर काटकसर करतंय. डेंग्यूतून उठल्यावर काही दिवस नाडी मंद राहू शकते, सहसा आपोआप सुधारते. शेतात फवारणी केल्यावर तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक आणि नाडी मंद, असं दिसलं तर हे सदर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा. तोच फोन यांच्यासाठीही: बसल्या-बसल्या शुद्ध हरपणं, छातीत दुखून ठोके मंदावणं, म्हाताऱ्या माणसानं अचानक असंबद्ध बोलायला लागणं आणि नाडी चाळीसच्या खाली असणं.

आणि पेसमेकर या शब्दाचा एवढा धसका नको. स्टॉकहोमजवळ १९५८ साली आर्ने लार्सन या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो काही तास चालला आणि बंद पडला. मग दुसरा, मग तिसरा. आयुष्यभरात २६ झाले. लार्सन २००१ साली ८६ व्या वर्षी गेले, तेही हृदयानं नव्हे, कर्करोगानं. वहिनींचे सासरे पेसमेकर बसवल्यानंतर कसे आहेत, हे तुम्ही लिहिलं नाहीत. विचारा त्यांना. मला वाटतं बाजारात जात असतील.

चालणं उद्यापासून सुरू करा. ईसीजी होईपर्यंत सपाटीवर, वस्तीतल्या रस्त्यानं. पट्टी ठीक निघाली की चार भिंती. दोन-अडीच महिने बसून होतात, तेव्हा पहिले आठ दिवस चढावर धाप लागेल. ती हृदयाची नव्हे, सवय मोडल्याची. घड्याळ चालताना घाला, पावलं मोजायला, म्हणजे मुलाचाही पैसा वसूल. घरी आल्यावर काढून ठेवा, झोपताना तर नक्कीच. ठोके बघायचेच असतील तर रविवारी सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, एकदा. वर्गात नाही. त्या मुलीला सांगा, शाळा सुटायला अजून वेळ आहे.

फाइल सापडली की जुना आकडा मला लिहून पाठवा. आणि बाटलीवरचं नावही.